चेक, एशेक आणि आपला शह

पॅरिसमध्ये नोकरी करणाऱ्या एका ताईंनी विचारलंय: तिथल्या फ्रेंच सहकाऱ्यांना इंग्रजी 'चेक' शब्द फार छळतो. तपासणं, अडवणं, कापडावरचा चौकडा, बँकेचा चेक, शिवाय अमेरिकेत हॉटेलचं बिल. हे सगळं एकाच शब्दात कसं?

तपासणं म्हणजे 'वेरिफिये', बिल म्हणजे 'आदिसियों', हे कुठल्याही कोशात सापडेल, त्यात वेळ घालवत नाही. ताई, सहकाऱ्यांना सांगा की शब्द त्यांच्याच घरचा आहे. बुद्धिबळात राजावर चाल आली की 'शाह' म्हणत. हा फारसी शब्द अरबी-लॅटिन वाटेने जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक' झाला आणि नॉर्मन लोकांबरोबर इंग्लंडात पोचून 'चेक' झाला. म्हणजे आपला 'शह'च! त्याचंच अनेकवचन इंग्रजीत 'चेस' झालं. शह बसला की राजाला आधी तेच निस्तरावं लागतं, म्हणून चेक म्हणजे अडवणं. अडवण्यातून आवर घालणं, त्यातून पडताळणं. फ्रेंचमध्ये आजही 'तेनिर आँ एशेक' म्हणजे रोखून धरणं, आणि नुसतं 'एशेक' म्हणजे अपयश.

चौकडा आला पटावरून. आणि इथे माझं आवडतं टेबल येतं. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा महसूल मोजायला दहा फूट लांब, पाच फूट रुंद टेबल असे. त्यावर पट्ट्यांचं काळं कापड अंथरायचं आणि पेन्स, शिलिंग, पौंडांच्या रकान्यांत सोंगट्या सरकवत हिशेब करायचा. अगदी बुद्धिबळाचा पट! म्हणून त्या खात्याचं नाव 'एक्सचेकर'. तिथल्या अर्थमंत्र्याला फ्रेंच वर्तमानपत्रं आजही 'शांसलिये द लेशिकिये' म्हणतात, आणि 'एशिकिये' म्हणजे बुद्धिबळाचा पट. बँकेचा चेक म्हणजे मुळात पडताळणीसाठी ठेवलेलं स्थळप्रतीचं अर्धुक. त्याचं इंग्रजी स्पेलिंग 'क्यू'ने सजलं ते एक्सचेकरच्या प्रभावाने. ते फ्रेंच दिसतं म्हणून हा शब्द फ्रेंचांनी दिला असं ठोकून देणारे भेटतात. साफ चूक. 'शेक' फ्रेंचांनी इंग्रजीतून घेतला. त्यांचा त्यावरचा कायदा १८६५चा.

आता 'शहमात'. 'राजा मेला' हा अर्थ मोठमोठे कोशकार देतात, कारण अरबीत 'मात' म्हणजे मेला. मला तो मुळीच पटत नाही. बुद्धिबळात प्यादं मरतं, वजीर मरतो, राजा कधीच मरत नाही. त्याला पटावरून कुणी उचलत नाही. तो फक्त कोंडला जातो. फारसीत 'मात' म्हणजे हतबल, चकित, आणि पटावर तेच तर घडतं! मराठीने हाच अर्थ जपलाय: आपण आजारावर मात करतो तेव्हा त्याला निरुपाय करतो. 'आजाराला मात दिली' हे मात्र मराठी नव्हे, हिंदीतून आलेलं आहे, आणि रोज बातम्यांत ऐकून कान किटलेत. मराठीत मात करतात, तीही कशावर तरी. द्यायचा असतो तो शह.