डोंग्यावर वायरलेस बसवायचा, पण ऐकणार कोण?

प्रश्न : नमस्कार भाऊ, मी पवनी तालुक्यातला, माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, पण घरी मासेमारीच, बाबा अन् मोठा भाऊ गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात जाळे टाकतेत. माझ्या मावसभावानं रत्नागिरीकडे भागीदारीत छोटी फायबरची बोट घेतली, तिच्यावर व्हीएचएफ म्हणजे बोटीवरचा वायरलेस सेट बसवायचा आहे, तो म्हणते तू वायरिंगवाला आहेस त तूच ये. 25 वॅटचा सेट आहे, बॅटरी 12 व्होल्टची. कसा बसवू? अन् दुसरं, त्याच्याकडे एक जुना सेट पडून आहे, तो आणून बाबाच्या डोंग्यावर लावला त चालन का? वादळ सुटलं का ते तिकडंच अडकतेत, फोन लागत नाही, आई दारातून उठत नाही.

उत्तर : भाऊ, आधी दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो, कारण त्यात तुमचे पैसे अन् कटकट दोन्ही वाचते. तो जुना सेट डोंग्यावर नका लावू. सेट खराब असेल म्हणून नाही, तिथं ऐकणारं कोणी नाही म्हणून. समुद्रावर संकटात हाक मारायचा चॅनल 16, म्हणजे 156.8 मेगाहर्ट्झ, कोस्टगार्ड ऐकते, आजूबाजूच्या बोटी ऐकतात, जहाजं ऐकतात, म्हणून तिथं त्या डब्याला किंमत आहे. गोसीखुर्दचं पाणी मागे पार भंडाऱ्यापर्यंत पसरलंय, पण त्या अख्ख्या पाण्यावर 16 लावून बसलेला एक माणूस दाखवा. बाबा मेडे मेडे, म्हणजे वाचवा वाचवा, ओरडतील अन् ते फक्त बगळे ऐकतील. वरून असा सेट बाळगायलाही केंद्राच्या दूरसंचार विभागाचा, म्हणजे डब्ल्यूपीसीचा परवाना लागतो, सेट नुसता घरात पडून असला तरी. जुना सेट भंगारात स्वस्त मिळाला म्हणून परवाना सोबत येत नाही ना राजेहो.

मग बाबांसाठी काय? 446 मेगाहर्ट्झचे अर्ध्या वॅटचे वॉकीटॉकी विनापरवाना चालतात, फक्त त्याला ईटीए म्हणजे सरकारी मान्यता आहे का ते पाहून घ्या, ऑनलाइन कोणतेही विकतात अन् खाली बारीक अक्षरात काहीच नसते, 2025 च्या मे मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला यावरच नियम काढावे लागले. मोकळ्या पाण्यावर असे सेट दोनेक किलोमीटर आरामात बोलतात, पण गोष्ट तीच, एक डोंग्यावर अन् दुसरा काठावर चालू ठेवून बसणारा माणूस पाहिजे. तुमच्या मच्छीमार संस्थेनं चार-सहा सेट घेऊन डोंग्या-डोंग्यात वाटले अन् संध्याकाळी एकमेकांना हाक मारायची वेळ ठरवली तर आईच्या जिवाला थोडं थंड वाटेल. अन् त्याच्याआधी लाइफ जॅकेट. 2024 च्या जानेवारीत गडचिरोलीत वैनगंगेत मिरची तोडायला निघालेल्या बायांचा डोंगा उलटला तो आठवा, अशा वेळी हातात रेडिओ असून काय करता, आधी तरंगलं पाहिजे.

आता रत्नागिरीचं, तिथं मात्र मन लावून बसवा. तुम्ही वाइंडिंगवाले, त्यामुळे अँपिअरची भाषा कळते, बरं झालं. सेट नुसता ऐकत असतो तेव्हा अर्धा अँपिअरही खात नाही, पण बोलायचं बटण दाबलं की 25 वॅटवर 5-6 अँपिअर ओढतो. बहुतेकांचा घोळ इथंच होतो. हॉर्नच्या नाहीतर लाइटच्या बारीक वायरीतून लाइन काढतात, सेट छान चालू दिसतो, आवाज येतो, सगळे खूश, अन् बटण दाबल्याबरोबर डिस्प्ले मंद होते नाहीतर सेट बंद पडून परत चालू होतो. हिशोब करून पाहा, बॅटरी ते सेट 3 मीटर, म्हणजे जाऊन-येऊन 6 मीटर, 0.75 स्क्वेअर एमएमची वायर असली तर पाऊण व्होल्टाच्या आसपास वायरीतच जाते, 2.5 ची घेतली तर पाव व्होल्टाच्या आसपास. म्हणून 2.5 ची वायर, थेट बॅटरीच्या टर्मिनलवरून, प्लसच्या वायरीत बॅटरीजवळच फ्यूज, सेटच्या पुस्तकात जेवढ्याचा लिहिला तेवढ्याचाच, अन् टोकाला कथिल चढवलेले लग नीट दाबून. पिळून चिकटपट्टी गुंडाळायची सवय दुकानात ठेवून जा, खाऱ्या हवेत तांबं हिरवं पडायला वेळ लागत नाही.

अँटेनाचं काम वायरिंगहून जास्त महत्त्वाचं आहे हे मावसभावाला पटवा. फायबरच्या बोटीला अँटेनाखाली धातूची जमीन, म्हणजे अर्थिंगसारखा आधार, नाही, म्हणून जमीन न लागणारा हाफ-वेव्हचा अँटेना घ्यायचा, लांबी मीटरच्या आसपास, 3 डीबीचा (डीबी म्हणजे अँटेना ताकद किती एकवटतो त्याचं माप). दुकानदार 6 किंवा 9 डीबीचा लांब दांडा दाखवेल, छोट्या बोटीला नको, त्याची लहर आडवी चपटी जाते अन् बोट डोलली की कधी पाण्यात तर कधी आभाळात. उभा सरळ, होईल तेवढा उंच, पाइपापासून अन् माणसांच्या डोक्यापासून दूर. उंचीवर सगळं आहे, कारण हे सिग्नल सरळ रेषेत जातात. दोन्ही अँटेने पाण्यापासून 2 मीटरवर असले तर साधारण 11-12 किलोमीटर, समोरचा अँटेना 12 मीटरवर असला तर 20 च्या आसपास. वॅट वाढवून एवढा फरक पडत नाही.

केबल 50 ओहमची. तुमच्याकडं डिश टीव्हीची वायर गुंडाळ्यानं पडलेली असेल, ती 75 ओहमची, ती नका लावू, मोह आवरा. 4-5 मीटरला आरजी-58 चालते, पण 15 मीटर नेली तर निम्मी ताकद केबलमध्येच जाते, लांब न्यायची असेल तर जाड आरजी-213. टोकाला पीएल-259 कनेक्टर, सोल्डर नीट, अन् बाहेरचा जोड आपोआप चिकटणाऱ्या रबरी टेपनं बंद करा, नाहीतर पाणी केबलच्या तारांच्या जाळीतून वातीवर तेल चढावं तसं आत चढते. अँटेना लावल्याशिवाय बोलायचं बटण दाबू नका, आतला ट्रान्झिस्टर जाऊ शकतो. शेवटी एसडब्ल्यूआर मीटर, म्हणजे अँटेनाकडून किती ताकद परत येते ते दाखवणारा, कोणाकडून मागून पाहा, 1.5 च्या आत असला तर झ्याक, 2 च्या वर गेला तर कनेक्टर पुन्हा नव्यानं जोडा.

संकटाचा इशारा पाठवणाऱ्या लाल बटणाचा सेट असेल तर त्यात 9 आकडी एमएमएसआय, म्हणजे बोटीचा रेडिओवरचा ओळख नंबर, भरल्याशिवाय ते बटण काही पाठवत नाही, आपल्याकडचे नंबर 419 ने सुरू होतात. बोटीचा वायरलेस परवाना अन् तो नंबर आधी काढून घ्या. चाचणी 16 वर करू नका, दुसऱ्या चॅनलवर, 1 वॅटवर करा. अन् कंपास सेटच्या शेजारी नसावा, स्पीकरच्या चुंबकानं सुई फिरते.

प्रश्न : इटियाडोह धरणाजवळून लिहिते. आमच्या ह्यांच्या डोंग्यात वॉकीटॉकी घेतला, शेजारी म्हणतेत त्याच्या दांडीनं वीज ओढते. खरं का?

उत्तर : ताई, ती बोटभर दांडी ढगातून वीज ओढून आणत नाही. पण पाण्यावर डोंग्यात बसलेला माणूसच आजूबाजूला सगळ्यात उंच असतो, धोका तो आहे, वॉकीटॉकी असो का नसो. फोनमध्ये दामिनी ॲप टाका, 20 अन् 40 किलोमीटरमधली वीज आधी दाखवते, अन् तुम्ही काठावरून त्यांना सेटवर सांगा की निघा. गडगडाट ऐकू आला तर ॲपची वाट न पाहता काठ गाठायचा, अन् काठावर झाडाखाली नाही, पक्क्या घरात.