साडेतीन वर्षांच्या मुलीला बोलतं करायला घरातले खेळ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी साडेतीन वर्षांची, भिंतीवरचा तक्ता ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत घडाघडा म्हणते, पण बोलायची वेळ आली की एकदोन शब्दांत भागवते. घरी काय खेळ घ्यावेत?

आधी एक काम उरकून घ्या. या वयात तीन-चार शब्दांची वाक्यं यायला हवीत. म्हणून खेळ आजपासून सुरू करा, पण त्याबरोबर कानही तपासून घ्या. सारखी सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे कधी कधी पाणी साचतं, ऐकू कमी येतं, आणि घरच्यांना वाटतं पोर लक्षच देत नाही. मुंबईत असाल तर वांद्र्याला बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींवर काम करणारी ‘अली यावर जंग’ राष्ट्रीय संस्था आहे, तिथे ही तपासणी होते.

तक्ता पाठ असल्याचा बोलण्याला फारसा उपयोग नाही, कारण तक्ता म्हणताना कोणाला काही सांगायचं नसतं. वाक्यं फुटतात ती हाताला काम असताना, समोर ऐकणारं माणूस असताना.

मटार सोलायला बसा. अर्धा किलो शेंगा, दाण्यांना एक वाडगं, सालांना एक. टीव्ही बंद. शेंगेच्या शिवणीवर अंगठा दाबला की ती फट्कन उघडते, तेवढं तिलाही जमेल. तुम्ही हात चालू ठेवा आणि समोर चाललंय तेच बोला: “ही कोवळी आहे, दाणे बारीक आहेत. अगं, ही बघ, किडकी निघाली!” ती म्हणाली “पडला”, की “हो, दाणा घरंगळत फ्रिजखाली गेला” असं तिचंच बोलणं लांबवून तिला परत द्या. पुन्हा वदवून मात्र घेऊ नका. बहुतेक घरांत घोडं पेंड खातं ते इथेच: “हा कोणता रंग? किती झाले? सांग ना!” एका शब्दात उत्तर होईल असा प्रश्न विचारला तर उत्तरही एका शब्दाचंच येणार. त्यापेक्षा काहीतरी बोला आणि मनात पाच आकडे मोजेपर्यंत गप्प बसा. मोठ्यांना ती शांतता जड जाते, पण मुलांना वाक्य जुळवायला तेवढा वेळ लागतोच. पंधरा मिनिटांत ती उठून गेली तर जाऊ द्या, उरलेले मटार तुम्ही सोला.

दुसरा खेळ कडधान्यं वेगळी करण्याचा. राजमा आणि काबुली चणे, दोन्हींचे मिळून वीस-पंचवीस दाणे पुरे. मूग आणि मटकी घेऊ नका, बारीक असतात आणि मूल कंटाळतं. हे सोपं झालं की नियम तिला ठरवू द्या: ती ढीग करेल आणि कशावरून केले ते तुम्ही ओळखायचं. मुद्दाम एखादा दाणा चुकीच्या ढिगात टाका. “तो नाही, त्याला डाग आहे” हे वाक्य तुम्हाला फुकटात मिळेल. दाणे मात्र मोजून काढा आणि मोजून परत ठेवा. मुलं ते नाकात-कानात घालतात आणि कडधान्य ओलाव्याने फुगतं. घरात तीन वर्षांच्या आतलं भावंड असेल तर कडधान्य नकोच, चमचे आणि कांदे-बटाटे घ्या. महागडे संच आणायची गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत बालशिक्षणाचं जे काम उभं केलं, त्यात परिसरात मिळणाऱ्या वस्तूंवरच भर होता.

अक्षरांची घाई असेलच, तर आधी आवाजांशी खेळा. शब्द म्हणायचा आणि टाळ्या द्यायच्या: ब-टा-टा, तीन. ‘चमचा’ला मूल दोनच टाळ्या देतं आणि आई तीन द्यायला लावते, कारण आईच्या डोळ्यांपुढे लिहिलेली तीन अक्षरं असतात. बोलताना आपण ‘चम्-चा’ म्हणतो, तेव्हा मूल बरोबर आहे. ‘काकडी’चंही तेच.

टाळ्या जमल्या की कापडी पिशवीत चार-पाच वस्तू घाला आणि “का-ने सुरू होणारं काढ” म्हणा: कागद, काडी, कात्री (बोथट टोकाची). बाकीच्या दोन वस्तू अगदी वेगळ्या आवाजाच्या हव्यात, बाहुली किंवा पायमोजा. सुरुवातीला ‘कप’ आणि ‘किल्ली’ यांत मिसळू नका. आपल्याला तिन्हींत ‘क’ दिसतो, या वयाच्या कानाला का, क, कि हे तीन निराळे आवाज आहेत. चाक आणि चहा यांतला ‘च’ तर खरोखरच वेगळा उच्चारला जातो, म्हणून च, ज, झ या खेळातून सध्या वगळलेलेच बरे.