गॅलरीतली शेती: ब्रॉड बीन्स नक्की कधी पेरू?

प्रश्न: ताई नमस्कार, मी मुलुंडला राहते, चौथा मजला, पूर्वेची गॅलरी. ऑनलाइन ब्रॉड बीन्सचं पाकीट मागवलं, त्याच्या मागे पेरणीसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी ते एप्रिल असं छापलंय. लेक इंग्लंडला असते, ती म्हणते आई फेब्रुवारीत लाव, आम्ही इथे तेव्हाच लावतो. शेजारच्या वहिनी म्हणतात शेंगांचं सगळं पावसाळ्यातच लावायचं असतं. या गोंधळात पाकीट गणपतीपासून तसंच पडून आहे. नक्की कधी पेरू? लेक दिवाळीत येतेय, तिला अजून बिया आणायला सांगू का?

उत्तर: काकू, पाकीट, लेक आणि वहिनी, तिघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे, पण तुमच्या गॅलरीत तिघांच्याही तारखा जशाच्या तशा चालायच्या नाहीत. नोव्हेंबरच्या ५ ते २० तारखेच्या मध्ये पेरा. का ते सांगते, पण त्याआधी पाकीट उघडून बी बघा, कारण आपल्याकडे ब्रॉड बीन्स म्हणून चक्क वालपापडीचं बी विकतात आणि दोघांचा काही संबंध नाही. वालाच्या दाण्याला कडेने पांढरी उठावदार रेघ असते ती तुम्हाला बिरडं करून करून पाठ असेल. खऱ्या ब्रॉड बीनचा, म्हणजे हिंदीतल्या बाकल्याचा दाणा मोठा, चपटा, आणि डोळा एका टोकाला असतो, बऱ्याचदा काळा. पाकिटावर व्हिसिया फाबा लिहिलेलं असेल तर प्रश्नच नाही.

आता तारखेचं. हे पीक थंडीचं आहे, १५ ते २० डिग्रीत खूश असतं. इंग्लंडमध्ये लोक ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरतात तेव्हा रोप बोटभर वाढून हिमातसुद्धा तग धरून बसतं आणि जूनच्या आसपास शेंगा देतं, आणि ज्यांना तो हिवाळा फार कडक वाटतो ते फेब्रुवारीनंतर पेरतात. म्हणजे तिकडे थंडी सरायची वाट बघतात आणि आपण गरमी सरायची. तुम्ही फेब्रुवारीत लावलंत तर फुलं येणार मार्चच्या शेवटी, तेव्हा मुंबईत काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. आणि वहिनींचं म्हणाल तर पावसाळ्यात हा जाडा दाणा ओल्या कुंडीत उगवायच्या आधी कुजतो.

मी स्वतः काय शहाणपणा केला होता तेही सांगते. दसऱ्याचा मुहूर्त चांगला म्हणून दसऱ्यालाच पेरले, उगवले मस्त, रोपं गुडघ्याएवढी झाली, नोव्हेंबरच्या शेवटी फुलंही आली, पांढरी आणि पाकळीवर काळा ठिपका, इतकी देखणी की मी बिल्डिंगच्या ग्रुपवर फोटो टाकून मोकळी झाले आणि पुढच्या दहा दिवसांत सगळी फुलं गळून कुंडीत पडली. शेंगा किती, तर तीन. रोपाचं काहीच चुकलं नव्हतं. झाड उन्हात वाढतं, पण फूल गरमीत टिकत नाही, आणि नोव्हेंबरात मुंबईचं दुपारचं तापमान ३३ च्या आसपास असतं.

तेव्हापासून मी पेरायची तारीख ठरवतच नाही, फुलाची ठरवते आणि तिथून उलटं मोजते. मुंबईचा सगळ्यात गार काळ म्हणजे डिसेंबरचा शेवट ते जानेवारीचा शेवट, फुलं तेव्हा यायला हवीत. आपल्याकडे पेरल्यापासून फूल यायला साधारण सहा-सात आठवडे लागतात, मागे मोजत गेलात की नोव्हेंबरचा पहिला-दुसरा आठवडा येतो. आता खरं बोलायचं तर जानेवारीतही सांताक्रूझचं सरासरी कमाल तापमान ३१ च्या घरात आणि किमान १७ च्या आसपास, म्हणजे दुपार या पिकाला जड जाणारच, भिस्त पहाटेवर. त्यात तुमचं नशीब चांगलं, मुलुंडला जंगल जवळ, कुलाब्यापेक्षा पहाटे गारवा जास्त, आणि गॅलरी पूर्वेची म्हणजे सकाळचं कोवळं ऊन मिळून दुपारी सावली. पश्चिमेची असती तर मी सरळ नाही म्हणाले असते.

एखाद्या वर्षी ऑक्टोबर हीट लांबते, मग कॅलेंडर बघत बसू नका. पहाटे उठून पंखा एक नंबर कमी करावासा वाटला की पेरा, ही माझी खूण. पण डिसेंबरचा पहिला आठवडा उलटून गेला तर यंदाचं राहू द्या, पाकीट कोरड्या डब्यात बंद करून ठेवा, पुढच्या वर्षी चालेल.

लावायचं कसं ते थोडक्यात. १२ इंची कुंडीत दोन दाणे, बोटाच्या दोन पेरांएवढं खोल. रात्रभर भिजवा असं सगळीकडे सांगतात पण आपल्या हवेत सहा-सात तास पुरे, जास्त ठेवलंत की पाण्याला वास येतो आणि दाणा बुळबुळीत होतो. काळी प्लॅस्टिकची कुंडी असेल तर बाहेरून जुनं पांढरं कापड किंवा गोणपाट गुंडाळा, मुळं भाजतात हो. युरिया नको, मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन घेतात. मात्र आपल्या कोकोपीटच्या मिश्रणात ते जिवाणू बहुतेक नसतातच, तर कोणी गावाकडून येत असेल तर मटाराच्या शेतातली मूठभर माती मागवा, मटाराचे आणि याचे जिवाणू एकच. खोड पोकळ असतं आणि हा वेल नाही, त्यामुळे काठीला स्वतःहून चढत नाही, सैलसर बांधावं लागतं. शेंड्यावर काळा मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, येईलच, तो आला की वरचा कोवळा शेंडा खुडून टाका. टाका म्हणजे फेकू नका, मावा नसेल तेवढा भाग लसणाच्या फोडणीवर परता, छान पालेभाजी होते. आणि खरं सांगू, मुंबईत या झाडाकडून पालेभाजीची खात्री जास्त, शेंगांची कमी. फुलं आली की सकाळी झाड हलकेच हलवा, इंग्लंडमध्ये ते काम गुबगुबीत भुंगे करतात, आपल्याकडचा काळा भुंगा चौथ्या मजल्यावर आला तर आला. दाणे जून झाले की आतलं सालही काढावं लागतं, पण डाळिंब्या सोलणाऱ्या बाईला त्याचं काय.

एक गोष्ट मात्र गंमतीवारी नेऊ नका. घरात कोणाला जी-सिक्स-पी-डी, म्हणजे लाल रक्तपेशींना जपणारं एक एन्झाइम, कमी असेल तर ही शेंग, पाला, काहीच द्यायचं नाही, रक्तातल्या लाल पेशी फुटून कावीळ होते, जिवावरही बेतू शकतं. हा दोष जन्मजात असतो, मुलग्यांमध्ये जास्त दिसतो, आपल्याकडे पारशी आणि सिंधी कुटुंबांत त्याचं प्रमाण जास्त आढळतं. मलेरियात प्रायमाक्विन देण्याआधी डॉक्टर जी टेस्ट करायला सांगतात ना, तीच ही. आपल्या वालाला, घेवड्याला हे लागू नाही.

आणि लेकीला सांगा चॉकलेटं आण, बिया नको. परदेशातून पेरायचं बी आणायला आधी परवाना आणि तिकडचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं, नाहीतर विमानतळावरच काढून घेतील.

प्रश्न: दहिसरला तळमजल्यावर राहतो, मागे थोडी जागा आहे. जूनमध्ये वालपापडीचा वेल लावला, पार पहिल्या मजल्याच्या ग्रीलपर्यंत गेला, नुसती पानं. दिवाळी आली तरी एक फूल नाही. खत कमी पडलं का?

उत्तर: दादा, खत बहुतेक जास्तच पडलंय, पण तो मुख्य मुद्दा नाही. ब्रॉड बीन गरमी मोजतो तसा आपला जुना वाल दिवस मोजतो. मुंबईत जूनमध्ये दिवस १३ तासांहून मोठा असतो, डिसेंबरात जेमतेम ११, आणि गावठी वालाला दिवस लहान झाल्याशिवाय फूल सुचत नाही, मग तुम्ही जूनला लावा नाहीतर ऑगस्टला. जूनमध्ये लावल्याने वेल फक्त मोठा होतो. आता पुढच्या काही आठवड्यांत तुरे दिसायला लागतील. नाही दिसले तर रात्री वेलावर सोसायटीचा दिवा पडतोय का ते बघा, रात्रभर उजेडात राहिलेल्या वेलाला दिवस लहान झालाय हे कळतच नाही, तेवढ्या बाजूला गोणपाट टांगा. तोवर पाणी थोडं ओढून धरा, खत बंद. आणि पुढच्या वेळी एवढं थांबायचं नसेल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं कोकण भूषण लावा, बुटकं झुडूप असतं आणि त्याला दिवसाच्या लांबीशी देणंघेणं नाही.

प्रश्न: गिरगावच्या चाळीत राहते. बिरड्यासाठी कडवे वाल भिजवले आणि पाहुणे आलेच नाहीत, मोड बोटभर लांब झाले. टाकवत नाहीत. कुंडीत लावले तर येतील?

उत्तर: येतील की. कोकणात भात कापलं की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात, म्हणजे तुमची वेळ तर अगदी शेतकऱ्याची आहे. मोड तुटू न देता खाली करून अलगद ठेवा, वर इंचभर माती, पहिले दोन दिवस कबुतरांपासून जपा, ती अगदी तयारच असतात. पण एका कुंडीत चार दाणे बस झाले. बाकीच्यांचं आजच बिरडं करून टाका, मोड लांब झाले म्हणून चव जात नाही, फक्त सोलताना दाण्याची दोन दलं सुटी होतात तेवढं चालवून घ्या.