जन्मतारखेसाठी कॅलेंडर नकोच

आपण लिहिले आहे की, अर्जातील जन्मतारखेच्या कॅलेंडरविषयी एका दृष्टिहीन अर्जदाराने तक्रार केली असून एआरिया लेबल (पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला बटनाचे नाव कळवणारी कोडमधील नोंद) जोडले की भागेल, असे आपल्या टीमचे मत आहे. मी स्वतः एनव्हीडीए हे विंडोजवरील पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर वापरतो आणि हाच त्रास भोगला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मार्च 2019 मध्ये एका भरतीचा अर्ज भरताना तारखेच्या चौकटीत टाइप करण्याची सोयच नव्हती. कॅलेंडर चालू महिन्यावर उघडे आणि मागे नेणाऱ्या बाणावर एनव्हीडीए नुसते ‘बटन’ म्हणे. माझा जन्म ऑगस्ट 1987 चा. म्हणजे ते बटन 379 वेळा दाबायचे आणि कोणता महिना आला हे एकदाही ऐकू येणार नाही. हेल्पलाइनवर ‘शेजारी डोळस माणूस बसवा’ एवढेच उत्तर मिळाले. शेवटी शेजारच्या मुलाकडून तेवढी तारीख भरून घेतली आणि घाईत त्याच्याकडून ऑगस्टऐवजी जुलै निवडला गेला. सबमिट करण्यापूर्वी भरलेली माहिती दाखवणारा पॉपअप उघडत होता, परंतु फोकस (कीबोर्ड आणि एनव्हीडीए ज्या जागी असतात ती) मागच्याच पानावर राहिल्याने मला तो वाचता आला नाही, आणि तो न वाचताच मी अर्ज पाठवला, ही माझी सर्वांत महागात पडलेली चूक. पडताळणीत अर्ज बाद झाला. दुरुस्तीची मुदत संपली, यापलीकडे त्या कार्यालयाने काही ऐकून घेतले नाही.

लेबलमुळे बटनाचे नाव कळेल, पण ते 379 वेळा दाबणे टळणार नाही. माझ्या मते, जी तारीख माणसाला पाठ आहे ती त्याला कॅलेंडरात शोधायला लावूच नये. ब्रिटिश सरकारच्या डिझाइन सिस्टिममध्ये अशा तारखांसाठी दिवस, महिना आणि वर्ष अशा तीन साध्या चौकटी आहेत. तसेच करावे, आणि त्या एका फील्डसेटमध्ये (चौकटींच्या गटात) ठेवून लेजंड (गटाचे शीर्षक) द्यावे. प्रवासाच्या तारखेसाठी कॅलेंडर चालेल, मात्र टाइप करण्याची सोयही हवीच. पॉपअपसाठी डिव्ह (एचटीएमएलमधील साधे कप्पे) रचत बसण्यापेक्षा एचटीएमएलमधील तयार डायलॉग घटक शोमोडल या आज्ञेने उघडावा. फोकस आपोआप आत जातो. हे सारे मी विंडोजवरील अनुभवातून सांगतो आहे, टॉकबॅक हे अँड्रॉइड फोनवरील तसेच सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांकडून वेगळे तपासून घ्यावे.

टीमला तरीही पटले नाही, तर सर्वोच्च न्यायालयाचा 30 एप्रिल 2025 चा निकाल दाखवा. त्यात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या अनुच्छेद 21 मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे. मी वकील नाही, त्यामुळे आपल्या अर्जाला तो कसा लागू होतो हे जाणकाराला विचारावे.

त्याआधी एक करा: त्या अर्जदाराची मुदत कधी संपते ते विचारा, आणि दुरुस्ती होईपर्यंत त्याची तारीख फोनवर घेऊन, नोंदवलेली तारीख त्याला पुन्हा वाचून दाखवा.