पत्रपेटी नदीकाठची : डेलावेअरची चढण, कृष्णेची चढण

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मी एस.टी.तून निवृत्त झालेला माणूस. अंकलीच्या पुलाखाली आणि म्हैसाळ बंधाऱ्यावर कणकेचा गोळा लावून कटल्यासाठी रात्र-रात्र बसायची सवय आहे. मुलगा अमेरिकेत न्यू जर्सीत, ट्रेंटन गावाजवळ राहतो. एप्रिलमध्ये आम्ही दोघं त्याच्याकडे निघालोय. तो म्हणतो, "बाबा, त्याच वेळी इथल्या नदीला शॅड आणि स्ट्राइप्ड बास येतात." भरती-ओहोटीच्या नदीत मी आजवर गळ टाकलेला नाही. काय लक्षात ठेवू? इथून सामान न्यावं का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : काका, तुमचं पत्र वाचून मला फार आनंद झाला. माझी लेक ट्रेंटनच्या वर लँबर्टव्हिलला राहते, त्यामुळे ही नदी मी वसंतात काठावरून पाहिली आहे आणि शेजारच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांबरोबर गुडघाभर पाण्यात उतरूनही पाहिली आहे. तुम्ही जाताय ती डेलावेअर. सुमारे 530 किलोमीटर लांबीच्या या नदीच्या मुख्य पात्रावर एकही धरण नाही. धरणांच्या साखळीत जगणाऱ्या आपल्या कृष्णाकाठच्या माणसाला हे खरं वाटत नाही, पण आहे तसंच. समुद्राची भरती ट्रेंटनपर्यंत चढते आणि तिथल्या खडकाळ उतारापाशी थांबते. म्हणजे तुमचा मुलगा अगदी शिवेवर राहतो. गावाच्या खाली पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं. वर मात्र आपल्यासारखी एकाच दिशेची धार.

आधी शॅड. हेरिंग आणि तारलीच्या गोतावळ्यातला हा चंदेरी मासा जन्मतो नदीत, वाढतो समुद्रात आणि तीन ते सहा वर्षांचा झाला की अंडी घालायला आपल्याच नदीत परततो. कॅलेंडर बघून तो येत नाही, पाण्याची ऊब बघून येतो. पाणी साधारण 10 अंश सेल्सिअसला आलं की आत शिरायला लागतो, 15 ते 18 अंशांना भर असतो. म्हणून मुलाला सांगून दोरीला बांधायचा एक थर्मामीटर घ्या. तिथले जुने लोक काठावरच्या पांढऱ्या फुलांच्या एका झुडपावर नजर ठेवतात. शॅडच्या दिवसांत फुलतं म्हणून त्याला नावच शॅडबुश पडलंय. आपल्याकडे मृगाकडे डोळे लावून बसतात, तसंच ते.

कणीक, गांडूळ, सगळं विसरा. हा मासा नदीत आला की जवळजवळ खात नाही. कृष्णेवर आयुष्य घालवलेल्या माणसाला पचायला हेच सगळ्यात जड जाईल, कारण आपलं निम्मं कसब आमिषातच असतं. त्याला लागतो डार्ट : तिरक्या तोंडाचा शिशाचा छोटा गोळा, त्याला गळ आणि मागे केसांचा झुपका. लाल-पांढरा किंवा भडक पोपटी रंग. वजन तीन ते सात ग्रॅम. धारेला आडवा, किंचित वरच्या अंगाला टाकायचा आणि धारेबरोबर कमानीसारखा फिरू द्यायचा. ओढायची घाई नको. कमान संपता संपता, दोरा सरळ होताना झटका बसतो. शॅड भुकेनं धरत नाही, समोर आलेल्या चमकत्या वस्तूवर तोंड टाकतो, म्हणून डार्ट त्याच्या तोंडासमोरून जायला हवा. तो नदीच्या खोल नाळेतून, तळाच्या जवळून चालतो. तळ लागत नसेल तर डार्ट जड करा. पहाट आणि संध्याकाळ बरी. भर उन्हात तो खोल जातो.

आणि लागला की हिसका मारू नका! त्याचं तोंड कागदासारखं पातळ असतं, ओढाल तर फाटून गळ सुटतो. रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोरा सुटायला लागणारा ब्रेक, सैल ठेवा, तीन किलो ताकदीचा दोरा पुरे. मासा उड्या मारेल, धारेत आडवा होऊन सगळा जोर लावेल. मारू द्या. काठाशी आला की लांब दांड्याच्या जाळीत घ्या, दोऱ्यावर उचलू नका.

आता स्ट्राइप्ड बास. अंगावर सात-आठ काळ्या रेघा, ताकदीचा शिकारी मासा. तो खातो, आणि पाणी चालत असेल तेव्हाच खातो. भरती किंवा ओहोटी पूर्ण होऊन पाणी थबकलं की चहा प्या. पुन्हा चालायला लागलं की पुलाचे खांब, नाल्यांची तोंडं, दगडी धक्क्याचे कोपरे बघा. धारेच्या आडोशाला तो दबा धरतो. भरतीचं वेळापत्रक मोबाइलवर मिळतं, पण ते ठिकाणागणिक वेगळं असतं. समुद्राच्या तोंडाशी भरती झाल्यावर ट्रेंटनला पोचायला तिला कित्येक तास लागतात, तेव्हा ट्रेंटनचंच वेळापत्रक बघा.

पण इथं एक गोष्ट मनापासून सांगते. तुम्ही जाताय ते त्याचे अंडी घालायचे दिवस आहेत. ट्रेंटनच्या खालच्या भरतीच्या पट्ट्यात न्यू जर्सीच्या बाजूनं एप्रिल आणि मे हे दोन महिने हा मासा घरी नेता येत नाही. कारण साधं आहे. त्याची अंडी पाण्यात अर्धवट तरंगत वाहतात आणि फुटायला सुमारे दोन दिवस लागतात. तेवढा वेळ धार हवी, पाणी निर्मळ हवं आणि मादी जिवंत हवी. 1970च्या दशकाच्या अखेरीस हा मासा त्या किनाऱ्यावर इतका घटला, की 1984 साली तिथल्या संसदेला त्याच्यासाठी खास कायदा करावा लागला. मेरीलँड राज्यानं 1985पासून पाच वर्षं तो धरणंच बंद केलं. 1995 साली तो सावरल्याचं जाहीर झालं. आता पुन्हा घट दिसतेय, म्हणून 2023 साली समुद्रकाठी ठेवायच्या माशाची मर्यादा 28 ते 31 इंच केली. त्याहून मोठा सापडला तरी सोडायचा, कारण मोठी मादी म्हणजे लाखो अंड्यांचं भांडार.

जिवंत आमिष लावणार असाल तर आत वळलेल्या टोकाचा सर्कल हूकच लावावा लागतो. तो माशाच्या पोटात न जाता जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो, आणि सोडलेला मासा जगतो. आमिषाला नदीतली छोटी हेरिंग मात्र धरू नका, न्यू जर्सीत 2012पासून त्यावर बंदी आहे. परवाना मुलाकडून आधी काढून घ्या आणि त्या वर्षीचे नियम वाचा, ते बदलत असतात. सामान इथून नेऊ नका. आपले गळ तिथल्या कामाचे नाहीत. न्यायचंच तर हातमागाचा जाड टॉवेल न्या, एप्रिलचं तिथलं पाणी हाडं गोठवतं.

प्रश्न : मुलीनं फोनवर शॅडची गाबोळी खाल्ल्याचं सांगितलं, पण मासा काट्यांमुळे टाकून दिला म्हणे. मी मे महिन्यात जाणार आहे. इतका चांगला मासा टाकायचा? तुम्ही काय करता?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : टाकायचा मुळीच नाही, ताई. काटे आहेत हे खरं. शेकड्यांनी आहेत आणि टोकाला दुभंगलेले आहेत. तिथले लोक ओकच्या फळीला मासा ठोकून विस्तवासमोर सावकाश भाजतात, तरी काटे राहतातच. मी बंगाली बायकांचा मार्ग धरते. धारदार सुरीनं तुकड्याला अगदी जवळजवळ चिरा द्यायच्या, कातडी न तोडता. मग काटे बारीक तुकड्यांत कापले जातात आणि कडक तळले की दातांना लागत नाहीत. मीठ, हळद, आमसुलाचं पाणी लावून अर्धा तास ठेवा. कांदा-लसूण मसाला घरून न्याल तोच वापरा, पण हात आखडता. शॅड मुळातच तेलकट आणि चवीचा आहे, तिखटाखाली त्याला दडपू नका.

गाबोळीचं पातळ पाकीट धुताना फाटू देऊ नका. हळद-मिठाच्या मंद उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवा, निथळू द्या, मग रव्यात घोळवून मंद आचेवर परता. एकदम तापल्या तेलात टाकलीत तर फुटून अंगावर उडते. आणि नर मासा स्वस्त मिळतो, चवीला काही कमी नाही. मी तोच घेते.

प्रश्न : राजमहेंद्रीला गोदावरीचा पुलसा खाल्ला. तो समुद्रातून पुरात वर चढतो असं कळलं. आपली कृष्णाही त्याच समुद्राला मिळते. मग हरिपूरच्या संगमावर तो का येत नाही?
– एक वाचक, हरिपूर

उत्तर : पुलसा म्हणजेच हिलसा, शॅडचा आपल्याकडचा भाऊबंद. कृष्णेच्या मुखातून निघालेल्या माशाला विजयवाड्याला प्रकाशम बॅरेज आडवं येतं. त्यावर पुलिचिंतला, मग 124 मीटर उंचीचं नागार्जुनसागर, श्रीशैलम, जुराला, नारायणपूर, अलमट्टी. इतक्या भिंती ओलांडून वारणेच्या संगमावर येण्याचा प्रश्नच उरत नाही. गंगेचं उदाहरण आणखी बोलकं आहे. 1975 साली फराक्का बॅरेज सुरू झालं आणि अलाहाबादेपर्यंत जाणारा हिलसा वरच्या गंगेत दुर्मीळ झाला.

भिंतीच अडवतात असंही नाही. डेलावेअरवर धरण नव्हतं, पण विसाव्या शतकाच्या मध्याला फिलाडेल्फियाच्या आसपास सांडपाण्यानं पाण्यातला प्राणवायू इतका संपला, की शॅडला तो पट्टा पार करता येईना. घाणीची भिंतच ती. 1972च्या स्वच्छ पाण्याच्या कायद्यानंतर सांडपाणी शुद्ध करायला लागले, प्राणवायू वाढला, मासा परतला. सांगलीत उन्हाळ्यात धार आटली की मेलेले मासे काठाला लागतात, तेव्हा मला फिलाडेल्फिया आठवतं. तिथं सुधारलं ते इथं सुधारेल. पण आधी नाल्याचं पाणी शुद्ध होऊन नदीत जायला हवं.

प्रश्न : आमच्या गावात पहिल्या पावसात ओढ्याला चढणीचे मासे येतात. पोरं मच्छरदाणीचं कापड लावून पोतीच्या पोती काढतात. काही जण करंट लावतात. मी बोललो तर म्हणतात, "आमचे आजोबाही धरायचे." त्यांना काय सांगू?
– एक शिक्षक, पलूस तालुका

उत्तर : गुरुजी, माझे वडील भोई. कृष्णेवर जाळं टाकूनच त्यांनी आम्हा भावंडांना शिकवलं, तेव्हा मासेमारीच्या विरोधात माझ्याकडून अक्षर निघणार नाही. चढणीचा मासा आमच्याही घरी शिजला. पण वडिलांच्या जाळ्याचे डोळे मोठे असत. हाताला अंड्यांनी फुगलेली मादी लागली, तर ती ओढ्याच्या वरच्या अंगाला नेऊन सोडत. आजोबा धरायचे हे खरं, पण ओढ्याचं तोंड पूर्ण बांधून कुणी धरत नव्हतं. एका बाजूनं पाणी मोकळं असायचं.

मच्छरदाणीतून काहीच सुटत नाही. बोटभर पिल्लूसुद्धा नाही. आणि करंट ही मासेमारीच नव्हे. त्यानं लहान-मोठं, अंडं-पिल्लू, बेडूक, खेकडा सगळं संपतं, शिवाय दरवर्षी कुठं ना कुठं माणूसही दगावतो. हे पोरांना जरबेनंच सांगा, तिथं गोड बोलू नका.

बाकीचं मात्र समजावून सांगा. वर्गात एक मादी कापून दाखवा. गाबोळीतली चमचाभर अंडी ताटलीत पसरून पोरांनाच मोजू द्या, मग सगळ्या गाबोळीचा हिशेब फळ्यावर करा. रोहूच्या एका मादीत लाखांनी अंडी निघतात. समुद्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तीही याच कारणानं, हेही सांगा. कोकणातला मच्छीमार पोट मारून दोन महिने थांबतो, आपल्याला पहिल्या पावसाचे आठ-दहा दिवस थांबता येऊ नये?

आणखी एक काम मोठ्यांचं आहे. तुमच्या भागात नदीवर आणि ओढ्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे असतील. त्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, पावसाळ्याच्या तोंडावर काढतात, तेव्हा माशाला वर जायला वाट मिळते. बरगे काढायला उशीर झाला, की पहिल्या तांबड्या पाण्यात आलेला मासा बंधाऱ्याखाली खच घालतो आणि तिथंच पकडला जातो. जूनच्या पहिल्या पावसाआधी बरगे निघावेत आणि बंधाऱ्याच्या खाली-वर दोनशे पावलांत पहिल्या पुरात कुणी जाळं लावू नये, असा ठराव मेच्या ग्रामसभेत मांडा. गावातल्या भोई आणि कोळी कुटुंबांना आधी बोलावून घ्या. मासा संपला तर पहिली चूल त्यांची विझते, त्यामुळे ते तुमच्या बाजूनं उभे राहतील. ठरावाचा मसुदा हवा असेल तर मासिकाच्या पत्त्यावर कळवा, मी लिहून पाठवते.