खोट्या आजारी रजेचा संशय आलाय? सरांकडे जा, पण स्क्रीनशॉट घेऊन नको

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. टीममधली एक जण महिन्यात दोन-तीनदा, त्यातही बहुतेक सोमवारी, बरं नाही म्हणून रजा टाकते, तिचं बिलिंग तुमच्या गळ्यात पडतं, आणि गेल्या वेळी तर रजेच्याच दिवशी तिच्या स्टेटसला लग्नातला फोटो होता. तो स्क्रीनशॉट सरांना दाखवू का? माझं उत्तर, नका दाखवू. पण गप्पही बसू नका.

मी नाशिकला अंबड एमआयडीसीत एका कारखान्याच्या टाइम ऑफिसला १८ वर्षं काढली, हजेरी, ओव्हरटाइम, रजेचे फॉर्म सगळं माझ्याच टेबलावरून जायचं. खोट्या रजा असतात, भरपूर पाहिल्यात. निफाड-दिंडोरीकडची द्राक्षबाग असलेली पोरं ऑक्टोबरात छाटणी आली की आजारी पडायची, एकाने तर तीन वर्षं ओळीने त्याच आठवड्यात पाठदुखीचं सर्टिफिकेट आणलं आणि नंतर स्वतःच सांगितलं की मजूर मिळत नव्हते आणि सुट्टी मागितली तर सुपरवायझर देत नव्हता.

आणि पॅकिंगला एक बाई होत्या. महिन्यात चार-पाच रजा, त्याही मंगळवार नाहीतर शुक्रवार, कारण कायम पोटदुखी. मला पक्की खात्री होती, मी सुपरवायझरला बोललो, त्याने लाइनवर सगळ्यांसमोर विचारलं. आईचं डायलिसिस चालू होतं, आठवड्यातून दोनदा, चार-चार तास मशीनवर, भावाला जमलं नाही की ह्यांनाच न्यावं लागायचं. म्हणजे आजारी त्या नव्हत्याच, कागदावर माझंच बरोबर निघालं. पण बाईंनी पुढच्या महिन्यात काम सोडलं. सेकंड शिफ्टला तेव्हा जागा होती हो, आधी बाजूला घेऊन विचारलं असतं तर शिफ्ट बदलून देता आली असती, हे मला अजून टोचतं. मस्टरवर त्यांची रजा आणि त्या छाटणीवाल्याची रजा अगदी सारखीच दिसायची.

आता नियमाचं. तुम्ही पुण्यात ऑफिसमध्ये आहात तर २०१७ चा महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा बघा, त्यात वर्षाला ८ सीएल (नैमित्तिक रजा) आणि कामाच्या दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा आहे, आजारी रजा म्हणून वेगळा कोटा त्यात नाही. म्हणजे सिक लीव्ह किती आणि सर्टिफिकेट कितव्या दिवसापासून लागतं हे तुमच्या कंपनीच्या पॉलिसीत असणार, आणि ते तपासणं एचआरचं काम आहे. २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांना ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, असतं, तिथे आजारपणात सरासरी मजुरीच्या ७० टक्केच मिळतात, तेही वर्षात ९१ दिवसांपर्यंत, आणि मालकाला सर्टिफिकेटबद्दल शंका असेल तर मेडिकल रेफरीकडून, म्हणजे ईएसआयच्या तपासणी करणाऱ्या डॉक्टरकडून, तपासणी करून घेता येते. हे सगळे रस्ते मालकाचे आहेत, शेजारच्या टेबलावरच्या माणसाचे नाहीत. आणि लग्नाच्या फोटोचं म्हणाल तर मायग्रेनवाला माणूस सकाळी अंधाऱ्या खोलीत पडलेला असतो आणि संध्याकाळी चालता-फिरता असतो, माझ्या घरातच आहे असा पेशंट. फोटो जुना पण असू शकतो.

तुमचं खरं दुखणं तिची तब्येत नाही, तुमच्यावर पडणारं काम आहे, आणि ते अगदी रास्त आहे. गेल्या तीन महिन्यांत कुठल्या तारखांना किती बिलं जास्तीची केलीत, त्यासाठी किती वाजेपर्यंत थांबलात, ते लिहून काढा. सरांना सांगा की अशा दिवशी काम कोणी करायचं ते ठरवून द्या, किंवा महिनाअखेरीला बदली माणूस द्या. तिचं नाव तुम्ही घ्यायची गरजच नाही, हजेरी त्यांच्यासमोर आहे. आणि तिच्याशी बोलणं असेल तर जेवणाच्या सुट्टीत एकटीला गाठून एवढंच विचारा, सगळं ठीक आहे ना, सोमवारचं काही आधी कळवता येईल का. कारण सांगितलं नाही तर खोदू नका.

तो स्क्रीनशॉट टीमच्या ग्रुपवर चुकूनही टाकू नका, आजच डिलीट करा. सर काय म्हणाले ते इथे कळवा, त्यांनी टोलवलं तर एचआरला मेल कसा लिहायचा ते सांगतो.