औषध लावलं आणि केस जास्तच गळायला लागले

*ताई, वय 28. कपाळाच्या दोन्ही बाजूंनी केस मागे सरकतायत, म्हणून मित्राच्या सांगण्यावरून मेडिकलमधून 5 टक्क्यांचं मिनॉक्सिडिल आणलं. दीड महिना लावतोय, तर मोरीच्या जाळीवर रोज पुंजका! आई म्हणते, आत्ताच्या आत्ता बंद कर. मित्र म्हणतो, सोबत फिनास्टराइडची गोळी घे. मार्गशीर्षात लग्न आहे. होणाऱ्या बायकोला सांगू का?*
*– गांजलेला, नाशिक*

अरे, आईचा जीव घाबरणारच, पण एवढ्यात बाटली फेकू नकोस. केस काही वर्षं वाढतो, मग दोनतीन महिने नुसता बसून राहतो आणि गळतो. मिनॉक्सिडिल हा बसून राहण्याचा काळ आटोपता घ्यायला लावतं. म्हणजे पुढे एकेक करून जाणारच होते, ते केस आत्ता एकगठ्ठा चाललेत. जाळीवरचा एक उचलून उजेडात धर. टोकाला बारीकशी पांढरी गाठ दिसली, तर तो पिकून पडलेला केस. ती गाठ म्हणजे मूळ नव्हे, मूळ डोक्यातच आहे.

ही गळती बहुधा दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात सुरू होते आणि काही आठवड्यांत ओसरते. फरक दिसायला चारेक महिने, नीट अंदाज यायला वर्ष. तेव्हा मार्गशीर्षाचा मुहूर्त धरून बसू नकोस. घाईने दुप्पट लावून तर काहीच साधत नाही, टाळू मात्र चुरचुरते. आणि मेडिकलवाल्याने सांगितलं नसेल ते मी सांगते: औषध सोडलं की मिळवलेले केस काही महिन्यांत जातात. जमणार असेल तरच चालू ठेव.

त्वचारोगतज्ज्ञांना मात्र एकदा डोकं दाखवच, ते आधीच करायला हवं होतं. नाण्याएवढे चट्टे पडले, टाळू लाल झाली, गळती तीन महिन्यांपुढे गेली, तर थांबू नकोस. मध्यंतरी डेंग्यू-टायफॉइड झाला होता का? त्यानंतरही दोनतीन महिन्यांनी असेच केस जातात. छातीत धडधडलं, चक्कर आली, तर औषध बंद आणि थेट डॉक्टर. मुळात हे रक्तदाबाचं औषध, हे विसरू नकोस.

गोळीचं प्रकरण वेगळं. फिनास्टराइड मित्राच्या शब्दावर घ्यायची नाही. काही पुरुषांची कामेच्छा कमी होते, ताठरतेची अडचण येते, कुणाचं मन खचतं. लग्न तोंडावर असताना हे डॉक्टरांशी न लाजता बोल.

आणि तिला सांग की! कांदेपोह्यांना तिने तुला पाहिलं ते याच कपाळासकट. नाहीतरी बाटली उद्या तिच्याच बाथरूममध्ये येणार. ती माहेरचं मांजर सोबत आणणार असेल तर तेही विचारून ठेव. मिनॉक्सिडिल मांजरांना विषारी असतं, उशीला पुसलेलं चाटलं तरी जिवावर बेतू शकतं.